व्हेर्नात्सा पायी पाहताना : वाचकांचे प्रश्न

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर ‘चिंक्वे तेर्रे’ म्हणून ओळखली जाणारी पाच गावं आहेत : मॉन्तेरोस्सो, व्हेर्नात्सा, कॉर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. त्यांच्याबद्दल आलेल्या पत्रांत सर्वाधिक विचारणा व्हेर्नात्साची होती. त्यामुळे या वेळचं सदर त्या एकाच गावाला दिलं आहे. सारखेच असलेले प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमचा मुक्काम ला स्पेत्सिया या जवळच्या शहरात आहे. एका दिवसात पाचही गावं करायची आहेत. व्हेर्नात्साला दोन तास दिले तर पुरेत का?

बंदर, चार फोटो आणि एक आइस्क्रीम एवढ्यालाच दोन तास पुरतात. एका गावाहून पुढच्या गावाला गाडीने चार-पाच मिनिटंच लागत असल्यामुळे पाच गावं एका दिवसात ‘होतात’, पण ती स्टेशनं झाली, गावं नव्हेत. दिवस एकच असेल तर दोन गावं आणि त्यांना जोडणारी एक पायवाट एवढाच बेत ठेवा. शक्य असेल तर एक रात्र व्हेर्नात्सातच काढा. ला स्पेत्सियाला क्रूझची जहाजं लागतात. त्यातले गट साधारण दहाच्या पुढे इथे येऊ लागतात आणि संध्याकाळी पाच-सहाला निघून जातात. गाव बघायचं ते त्याआधी किंवा त्यानंतर.

सकाळी आठच्या आत पोहोचा. गाडी लांब असते आणि फलाट आखूड, त्यामुळे मागचे डबे बोगद्यातच थांबतात. अंधार दिसला म्हणून बसून राहू नका. स्टेशनचं नाव जाहीर झालं की दार उघडून उतरा आणि भिंतीकडेने उजेडाच्या दिशेने चालत या.

जिना उतरून मुख्य रस्त्यावर आलं की सगळे उताराकडे, म्हणजे बंदराकडे वळतात. तुम्ही आधी चढाकडे वळा. पाच-दहा मिनिटांतच दुकानं संपतात. मग भाजीचे वाफे, लिंबाची झाडं आणि जिथून पुढे मोटारींना बंदी आहे ती जागा दिसते. ज्या ओढ्याच्या खोऱ्यात हे गाव वसलं तो व्हेर्नात्सोला ओढा याच रस्त्याखालून, वर छत घालून नेलेला आहे. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे पावसाच्या प्रश्नात ती कामाला येईल. मंगळवारी सकाळी गावात छोटा आठवडी बाजार भरतो. विक्रेत्यांच्या मोजक्याच गाड्या येतात. खरेदीपेक्षा गावकरी काय घेतात हे बघायलाच मजा येते.

आता परत फिरून बंदराकडे उतरा, पण मुख्य रस्ता शेवटपर्यंत धरू नका. मधेच किल्ल्याच्या अंगाला, म्हणजे समुद्राकडे तोंड केल्यावर डावीकडे, घरांच्या फटीतून दगडी जिने वर जातात. एका वेळी एकच माणूस जाईल एवढे काही अरुंद आहेत. त्यातला कुठलाही एक धरा. जिना कुणाच्या तरी दारात संपला तर मुकाट्याने मागे फिरा. वाट चुकायची भीती नाही, कारण इथला प्रत्येक उतार शेवटी मुख्य रस्त्यावर नाहीतर बंदरावर आणून सोडतो. मात्र या घरांत माणसं राहतात. सकाळी आवाज खाली ठेवा आणि वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो जवळून काढू नका.

बंदरालगतच्या चौकात, पियात्सा मार्कोनीत, होड्या जमिनीवर ओढून ठेवलेल्या दिसतील. ती पर्यटकांसाठी केलेली सजावट नाही. समुद्र खवळला की त्या पाण्यात टिकत नाहीत. उजवीकडे सांता मार्गेरिता द अँतिओकियाचं चर्च आहे. १३१८च्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख सापडतो. घंटाघर अष्टकोनी आहे. चर्चचं दार तुम्ही शोधाल त्या बाजूला नाही. चौकाच्या बाजूने, वेदीच्या अंगाने आत जावं लागतं. आत दगडी खांब आणि बराच अंधार आहे. डोळे सरावायला मिनिटभर लागतं, त्याआधीच परत फिरू नका. खांदे झाकलेले असू द्या. शेवटी दोरिया किल्ल्याचा बुरूज चढा. तिकीट किरकोळ आहे, सुटे युरो जवळ ठेवा.

एवढं सावकाश करायला अडीच तास लागतात. तोवर गर्दी सुरू होते आणि तुमची पायवाटेवर जायची वेळ झालेली असते.

प्रश्न : मॉन्तेरोस्सो–व्हेर्नात्सा पायवाट कोणत्या दिशेने चालावी? किती अवघड आहे? कार्ड (वाटेचा पास) लागतं का?

अंतर सुमारे साडेतीन किलोमीटर, वेळ दोन तास. आकडे वाचून ही वाट सोपी वाटते आणि तिथेच फसगत होते. सपाट भाग थोडा आहे, बाकी सगळे दगडी टप्पे आहेत. त्यांची उंचीही एकसारखी नाही. एक पायरी वीतभर, तर पुढची गुडघ्याच्या निम्म्यापर्यंत. त्यामुळे पावलांना लय सापडत नाही आणि सपाटीवर दहा किलोमीटर सहज चालणाऱ्यालाही इथे दम लागतो.

गुडघे ठणठणीत असतील तर मॉन्तेरोस्सोकडून निघा. त्या बाजूला सुरुवातीलाच शेकडो पायऱ्यांचा खडा चढ आहे. सकाळच्या थंडाव्यात तो उरकतो आणि शेवटी व्हेर्नात्सा समोर उलगडत जातं. उलट दिशेने गेलात तर त्याच पायऱ्या दमलेल्या पायांनी उतराव्या लागतात. पाय मुरगळण्याचा धोका चढताना कमी, उतरताना जास्त असतो. गर्दीच्या ठरावीक दिवसांत सकाळपासून दुपारपर्यंत ही वाट एकेरी केली जाते आणि तेव्हाही दिशा मॉन्तेरोस्सोकडून व्हेर्नात्साकडे अशीच असते. तेव्हा बेत तसाच आखलेला बरा.

कार्ड लागतं. मॉन्तेरोस्सो–व्हेर्नात्सा आणि व्हेर्नात्सा–कॉर्निल्या हे दोन्ही टप्पे सशुल्क आहेत. फक्त चालायचं असेल तर ‘ट्रेकिंग कार्ड’ घ्या. ते ७.५० युरोंपासून पुढे मिळतं. गर्दीच्या दिवशी दर चढतो. लेवान्तो ते ला स्पेत्सिया गाड्यांचाही प्रवास हवा असेल तर ‘ट्रेन कार्ड’ घ्या. घेण्याआधी साधा हिशेब करा : एका फेरीचं तिकीट हंगामात दिवसाप्रमाणे साधारण ५ ते १० युरो असतं. दिवसात एक किंवा दोनच गाड्या घेणार असाल तर ट्रेकिंग कार्ड आणि सुटी तिकिटं स्वस्त पडतात. कागदी तिकीट असेल तर ते गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवा. फोनवरच्या तिकिटाचं चेक-इन करावं लागतं. हे राहिलं तर तिकीट असूनही दंड होतो आणि ‘माहीत नव्हतं’ हे कारण तपासनीस दिवसातून पन्नासदा ऐकत असतो.

पायात बंद, खाचा असलेल्या तळाचे बूट हवेत. फ्लिप-फ्लॉप किंवा गुळगुळीत तळाची पादत्राणं घालून वाटेवर जायला मनाई आहे आणि दंड ५० युरोंपासून सुरू होऊन २,५०० युरोंपर्यंत जातो. नियम कडक वाटेल, पण दगडावर बारीक माती पसरलेली असते तिथे चपलेचा तळ कसा घसरतो हे एका वळणावरच कळतं. माणशी दीड लिटर पाणी घ्या. उन्हाळ्यात अकरा ते चार या वेळात निघू नका. द्राक्षमळ्यांच्या भागात सावलीच नाही आणि दगडी बांधही तापलेले असतात.

समोरून कुणी आलं तर डोंगराच्या अंगाला सरकून उभं राहा, दरीच्या नाही. पाठीवरची सॅक उतरवून हातात घ्या. वळताना तिचा धक्का लागून मागचा माणूस तोल गमावतो, हे लक्षात येत नाही. मदत लागली तर ११२ फिरवा आणि जवळच्या खुणेवरचा वाटेचा क्रमांक सांगा. या सागरी वाटेचा क्रमांक ५९२ आहे आणि खुणा लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या असतात.

प्रश्न : सोबत सासू-सासरे आहेत. दोघं सत्तरीच्या आसपास, सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना गाडीतूनच गाव दाखवायचं का?

गाडीतून काहीच दिसत नाही, बोगदेच जास्त आहेत! स्टेशनच्या पायऱ्या उतरल्या की मुख्य रस्ता ते बंदर हा उतार दोघांनाही झेपण्यासारखा आहे. चौकात बसायला जागा असते. चर्च तिथेच आहे. किल्ल्यावर जायचा आग्रह धरू नका.

थोडं चालायची इच्छा असेल तर नोस्त्रा सिन्योरा दी रेज्जो या देवस्थानाची वाट सुचवू. क्रमांक ५०८. ही जुनी फरसबंद वाट आहे, तिला कार्ड लागत नाही आणि एरवी तासाभरात माणूस वर पोहोचतो. वर जुनी झाडं, सावली आणि शांतता आहे. हंगामात गावातून त्या बाजूला छोटी बस जाते, फेऱ्या मात्र मोजक्या असतात. स्टेशनमध्ये चिंक्वे तेर्रे राष्ट्रीय उद्यानाचं माहिती केंद्र आहे, सकाळी तिथे वेळा विचारून घ्या. इथे बहुतेक जण उलटा हिशेब करतात : बसने वर जाऊ आणि उतरताना सोपं म्हणून पायी येऊ. गुडघेदुखी असणाऱ्याने नेमकं याच्या विरुद्ध करावं. चढताना मांडीच्या स्नायूंवर ताण येतो, पण उतरताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार गुडघ्याच्या वाटीमागे आदळतो. झेपेल तेवढं चढा आणि बसने उतरा. तेवढंही होणार नसेल तर दोन्ही वेळा बसच घ्या, त्यात कमीपणा नाही.

बोटीचा पर्यायही आहे. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर या काळात बोटी मॉन्तेरोस्सो, व्हेर्नात्सा, मानारोला, रिओमाज्जोरे अशा थांबतात. कॉर्निल्या कड्यावर असल्याने तिथे थांबा नाही. समुद्रातून गाव फार सुंदर दिसतं, पण चढ-उतार अरुंद फळीवरून करावा लागतो आणि लाटा असतील तेव्हा ती वरखाली होते. खलाशी हात देतात. सासूबाईंना एका हातात पर्स आणि दुसऱ्यात फोन धरू देऊ नका.

प्रश्न : सगळीकडे दिसणारा तो फोटो नेमका कुठून काढतात?

मॉन्तेरोस्सोच्या वाटेवरून. चर्चच्या बाजूने पायऱ्या चढायला लागा. दहा-पंधरा मिनिटांत गाव, बुरूज आणि बंदर एका चौकटीत येतात. तिथून तुम्ही आग्नेयेकडे बघत असता, त्यामुळे सकाळी सूर्य समोर येतो. चांगला प्रकाश दुपारनंतर मिळतो. कॉर्निल्याच्या वाटेवरूनही गाव छान दिसतं, पण मागच्या अंगाने.

प्रश्न : डोंगरावर दातेरी लोखंडी रूळ दिसतो, तो कशाचा? आणि द्राक्षमळ्यांतून फिरता येतं का?

तो एकपदरी रूळ म्हणजे द्राक्षं वाहून नेणाऱ्या छोट्या गाडीचा. पेट्रोलच्या इंजिनाचं दातेरी चाक रुळाच्या दात्यांत अडकतं, म्हणून ती जिन्यासारख्या चढावरही घसरत नाही. सप्टेंबरमध्ये तोडणीच्या वेळी क्रेट भरून ती येताना दिसेल. काही ठिकाणी रूळ पायवाट ओलांडतो. त्यावर बसू नका, मुलांना तर अजिबात बसू देऊ नका. ब्रेक लागायला वेळ लागतो आणि चालवणाऱ्याला वळणापलीकडचं दिसत नाही.

मळ्यांतून फिरता येत नाही. वाट सोडून बांधावर चढणं हा इथला सगळ्यात मोठा अपराध समजा. का, ते बांधाजवळ उभं राहून नीट पाहिलं की समजतं. चुना नाही, सिमेंट नाही. दर्शनी बाजूला मोठे वालुकाश्म एकमेकांत बसवलेले, त्यांच्यामागे बारीक दगडांची भर आणि त्यामागे माती. भिंत डोंगराकडे किंचित कललेली असते. पावसाचं पाणी मातीतून त्या बारीक दगडांत येतं आणि फटींमधून बाहेर पडतं. भिंत पाणी अडवत नाही, त्याला वाट देते, म्हणून ती टिकते. वरचा दगड तुमच्या पायाने हलला की माती खाली उतरते, फटी बुजतात आणि पुढच्या पावसात पाणी आत साचतं. मग भिंतीला पोट सुटतं. असं पोट आलेली भिंत वाटेवर दिसलीच तर तिच्याखाली पाणी प्यायला थांबू नका. पडीक मळ्यांत अशा भिंती ढासळतात आणि एक ढासळली की वरची माती खालच्या टप्प्यावर येऊन तीही जाते. मॉन्तेरोस्सो-व्हेर्नात्साच्या वाटेवर पडीक आणि राखलेले मळे शेजारी-शेजारी आहेत. फरक मुद्दाम बघा.

१९९७मध्ये युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो या माणसाने घडवलेल्या डोंगरउतारांसाठी. २०१८मध्ये चुन्याविना दगड रचण्याची कलाही इटलीसह इतर काही देशांच्या नावे वारसा यादीत आली. चालताना काठ्या वापरत असाल तर टोकांना रबरी टोप्या घाला. उघडी लोखंडी टोकं दगडांच्या फटींत अडकतात, तुम्हीही पडता आणि दगडही निखळतो.

मळ्यांत बॉस्को, आल्बारोला आणि व्हेर्मेंतिनो या जातींची द्राक्षं असतात. ती आठवडेच्या आठवडे सुकवून शाक्केत्रा नावाची गोड वाइन करतात. द्राक्षांतलं पाणी उडून गेल्यावर रस फारच थोडा निघतो, म्हणून तिचा छोटा पेलाही महाग असतो. तोडलेलं एखादं द्राक्ष ‘चव बघायला’ घेतलं तर मालकाला ते मोठंच वाटतं.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडंही खात नाही. उपाशी तर राहणार नाही ना?

लिगुरियात शाकाहाऱ्यांचं इटलीतल्या बऱ्याच भागांपेक्षा बरं चालतं. फोकाच्चा म्हणजे ऑलिव्ह तेलातला जाड पाव, भट्टीवर तुकडा कापून वजनावर देतात. साधा, कांद्याचा, ऑलिव्हचा असे प्रकार असतात. डुकराची चरबी घातलेली नाही ना, एवढं ‘सेन्झा स्त्रुत्तो?’ म्हणून विचारा. फारिनाता हा हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढ्यावरच होणारा पातळ, कडक भाजलेला पदार्थ आहे. गरमच खा, गार झाला की त्यात राम नाही.

पेस्तो सगळीकडे मिळतो. त्यात तुळशीच्या कुळातली बाझिलिको, चिलगोजे, लसूण, तेल आणि चीज असतं. पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने, करतात. ते चालत नसेल तर पेस्तो टाळावा लागेल. ताज्या पास्त्यात कधी अंडं असतं. त्रोफिये हा पीळदार प्रकार मात्र सहसा पीठ आणि पाण्याचा. तरी विचारा. सगळ्यात जास्त घोटाळा अँचोव्ही माशाने होतो. मॉन्तेरोस्सोची अँचोव्ही नावाजलेली आणि ती भाज्यांच्या पदार्थांतही घालतात. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा अच्चुगे, सेन्झा उओव्हा’ असं म्हणा : मांस नको, मासा नको, अँचोव्ही नको, अंडं नको. नुसतं ‘व्हेजितेरियन’ म्हटलं तर अँचोव्ही काहींच्या हिशेबात मासाच नसते.

दुपारी अडीच-तीननंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती सातपर्यंत. पायवाटेवरून चारला दमून आलात तर फोकाच्चाच मिळेल, तेव्हा आधीच घेऊन ठेवा. बिलात माणशी ‘कोपेर्तो’ लागेल. तो बसण्याचा आकार आहे, फसवणूक नाही.

प्रश्न : ऑक्टोबरच्या शेवटी जाणार आहोत. गर्दी कमी असते असं ऐकलं.

गर्दी कमी असते हे खरं, पण किनाऱ्यावरचा सगळ्यात जोराचा पाऊसही याच सुमारास पडतो. २५ ऑक्टोबर २०११ रोजी काही तासांच्या पावसात डोंगरावरची माती सुटली, पाणी रस्त्याखालच्या ओढ्यात मावेना आणि चिखल-दगडांचा लोंढा व्हेर्नात्साच्या मुख्य रस्त्यावरून आला. तळमजले गाडले गेले, गावातली तीन माणसं दगावली. मॉन्तेरोस्सोलाही तोच फटका बसला.

म्हणून हवामानाचा रंग रोज सकाळी बघा. लिगुरियात पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे दिले जातात. नारिंगी किंवा लाल असेल तर पायवाटा बंद होतात. पिवळ्याच्या दिवशी माहिती केंद्रात विचारल्याशिवाय निघू नका. पाऊस थांबला म्हणून वाट लगेच सुरक्षित होत नाही, कारण भिजलेल्या भिंती नंतरही सुटतात. जोराचा पाऊस लागला आणि तुम्ही गावात असाल तर मुख्य रस्ता सोडून बाजूच्या जिन्याने वर चढा. तळमजल्यावरच्या दुकानात आसरा घेऊ नका. नैऋत्येचा वारा सुटला की लाटा धक्क्यावरून उसळतात, तेव्हा फोटोसाठी टोकापर्यंत जाऊ नका.

बेतात एक दिवस मोकळा ठेवा. पाऊस नसलेला ऑक्टोबर चालण्यासाठी उत्तम, ऊन सौम्य आणि हवा स्वच्छ असते.

प्रश्न : समुद्रात पोहता येतं का?

येतं. बंदरात वाळूचा लहानसा पट्टा आहे, मुलांना तो पुरतो. मुख्य रस्त्यावरून खडकातल्या भगदाडातून जाणारी एक वाट दुसऱ्या किनाऱ्याला निघते. २०११च्या लोंढ्याने आणलेल्या दगडगोट्यांचा तो किनारा. वर कडा आहे, कधीकधी दगड पडतात म्हणून तो बंद ठेवतात. दोरी किंवा पाटी असेल तर आत शिरू नका.

प्रश्न : ‘व्हिया देल्लामोरे’ व्हेर्नात्साहून किती दूर?

ती वाट रिओमाज्जोरे आणि मानारोला यांच्यामध्ये आहे, व्हेर्नात्साला नाही. लांबी किलोमीटरच्या आत. २०१२मध्ये दरड कोसळून बंद झाली ती २०२४मध्ये पुन्हा उघडली. वेळ आधी आरक्षित करावी लागते आणि वेगळं शुल्क पडतं. मानारोला–कॉर्निल्या ही खालची सागरी वाट मात्र बरीच वर्षं बंद आहे. जुन्या नकाशावर विसंबून तिच्याकडे निघू नका. त्याऐवजी वरच्या व्होलास्त्रा गावामार्गे जाता येतं, पण तो वेगळा आणि बराच मोठा चढ आहे.

प्रश्न : राहायची खोली निवडताना काय बघावं?

पायऱ्या किती, हे बघावं. बाकी सगळं नंतर. ‘समुद्र दिसतो’ याचा अर्थ इथे ‘उंचावर आहे’ असाच असतो. लिफ्ट बहुधा नसते. आरक्षणापूर्वी मालकाला दोन गोष्टी लेखी विचारा : स्टेशनपासून दारापर्यंत पायऱ्या किती आणि दारापासून खोलीपर्यंत किती. चाकांची मोठी बॅग या जिन्यांवर उचलूनच न्यावी लागते, शिवाय रात्री दगडांवर तिचा खडखडाट होतो. मोठं सामान ला स्पेत्सियाच्या मुक्कामी ठेवता आलं तर ठेवा आणि एका रात्रीपुरती पाठीवरची सॅक घेऊन या.

हलकी झोप असेल तर रेल्वेजवळची आणि चर्चजवळची खोली टाळा. एकीकडे गाड्या, दुसरीकडे घंटा. बऱ्याच खोल्यांना स्वागतकक्ष नसतो. मालक स्टेशनवर किल्ली घेऊन येतो, त्यामुळे गाडीची वेळ आणि उशीर झाला तर तोही कळवा. पासपोर्टची नोंद सगळ्यांची होते. माणशी मुक्कामी करही भरावा लागतो, तो अनेकदा रोखच मागतात.